उणे तीन ते अधिक तीन

पहिल्या भेटीत मावशींनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नवरा कुठल्या कंपनीत आहे हेसुद्धा विचारलं नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या तोंडून हे तिन्ही प्रश्न न येणं म्हणजे नवलच. दोन हजार चारचा जानेवारी होता. मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये मी तांदळाची पिशवी काखोटीला मारून नवऱ्याच्या गाडीची वाट बघत कुडकुडत होते. हळदीच्या रंगाचा, घोट्यापर्यंत पोचणारा कोट घातलेली एक उंच बाई थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मराठी ना? आत्ता कसं वाटतंय? उणे तीन ते अधिक तीनमध्ये सांग."

मला वाटलं, बाईंच्या डोक्यात थंडी गेली आहे. पण त्यांनी शांतपणे समजावून दिलं. उणे तीन म्हणजे पार गारठून गेलो, अधिक तीन म्हणजे भाजून निघालो, आणि मधलं शून्य म्हणजे ना थंड ना गरम, अंगाला हवेची आठवणच राहिलेली नाही. मी लगेच उणे तीन म्हणाले. त्यांनी माझा चेहरा निरखला, "खोटं. उणे दोन आहे," असं म्हणाल्या, माझं कोपर धरलं आणि मला तांदळासकट ओढत दुकानाच्या कोपऱ्यापलीकडे नेलं. तिथे पाठीशी भिंत होती, समोरून ऊन येत होतं आणि वारा नव्हता. आता सांग, म्हणाल्या. मी चकित होऊन उणे एक म्हणाले.

"थंडी तीच आहे बाप्पा. आपण फक्त दहा पावलं हललो."

आणि एका लांबलचक चिठ्ठीवर माझे दोन आकडे टिपून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेल्या. तिथून आमची ओळख सुरू झाली, ती मी मिशिगन सोडेपर्यंत टिकली.

मावशी मूळच्या अकोल्याच्या. डेट्रॉइटजवळच्या एका कॉलेजात शहररचना शिकवायच्या, आणि त्यातही त्यांचा खास विषय म्हणजे थंड गावांतल्या मोकळ्या जागा. चौकात, बागेत, लायब्ररीच्या दाराशी माणसाला हिवाळ्यातही दोन घटका बसता यावं यासाठी काय करावं, हे त्या शिकवत. जिथे माणूस गरम घरातून गरम गाडीत आणि गरम गाडीतून गरम ऑफिसात जातो, तिथे हा विषय कोण शिकणार? वर्गात पाच-सात पोरं असायची. अकोल्याच्या बाईने मिशिगनला थंडी शिकवायची, हा विनोद सगळ्या मराठी मंडळाने करून झाला होता. त्यावर त्या म्हणत, "अकोल्यात मे महिन्यात सावली शोधत कसं चालायचं हे ज्याला येतं, त्याला इथे ऊन शोधता येतं. विद्या तीच. फक्त रस्त्याची दुसरी बाजू."

आणि त्या खरोखरच तशा चालत. त्यांच्याबरोबर पोस्टात जायचं म्हणजे सरळ रस्ता विसरायचा. इमारतीची सावली आली की त्या पलीकडच्या फुटपाथवर जात, तिथे वारा लागला की पुन्हा अलीकडे येत. जवळचा रस्ता गाड्यांसाठी असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वाटेत एखादी विटांची भिंत आवडली की हातमोजा काढून तिच्यावर तळवा ठेवत, आई पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघते तसा. भिंत उबदार निघाली की त्यांना कोण आनंद व्हायचा. मलाही हात लावायला लावत. नवऱ्याला मी एकदा उत्साहाने सांगितलं की आज आम्हाला बँकेमागे फार छान भिंत सापडली, तेव्हा तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला होता.

त्यांचा कोट ऑक्टोबरात अंगावर चढायचा तो मेमध्ये उतरायचा. घरात, वर्गात, हॉटेलात, कुठेही नाही. हीटर भणभणत असला तरी वरचं बटणसुद्धा सुटायचं नाही. आत काय असतं यावर मंडळातल्या बायकांचे तर्क चालत. कोणी म्हणे दुसरा कोट, कोणी म्हणे गरम पाण्याची पिशवी. दिवसभर जगाला मत विचारत फिरणाऱ्या मावशींचं स्वतःचं मत मात्र ठरलेलं असे. हिवाळाभर उणे. जुलैमध्ये आमच्या अंगाला धारा लागल्या की त्या मोठ्या मनाने शून्य देत. या देशात आल्यापासून शून्याच्या वर त्या एकदाही गेल्या नव्हत्या, आणि हे त्या काहीशा अभिमानाने सांगत.

मंडळाचं आणि त्यांचं फारसं जमत नसे. एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं होतं म्हणे. बायका काळ्या साड्या नेसून, नटूनथटून गेल्या, तर मावशींनी वाण म्हणून फ्रिजवर चिकटवायचे थर्मामीटर दिले. इथपर्यंतही ठीक होतं. पण तिळगुळाआधी प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी दिली आणि काळ्या साडीत कसं वाटतं, उणे तीन ते अधिक तीन, हे लिहून घेतलं. वर संक्रांतीला काळं का नेसतात, काळं कापड ऊन कसं धरून ठेवतं, यावर भाषण दिलं. त्यानंतर त्यांना कोणी बोलावेनासं झालं. पण गंमत अशी की मी ज्या ज्या मराठी घरी गेले, तिथे फ्रिजवर तो थर्मामीटर होताच.

मी तेव्हा एच-फोर व्हिसावर होते. म्हणजे नवरा नोकरीवर आणि मी त्याच्या पासपोर्टामागे. पुण्यात मी चांगली आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होते, इथे कायद्याने घरी बसून होते. सकाळी नवरा गेला की खिडकीतून पार्किंग लॉट बघायचा, हा माझा उद्योग. मावशींना हे कळलं तेव्हा त्यांनी सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. व्हिसाला पगार चालत नाही, वारा चालतो ना, असं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन दारात हजर झाल्या. पगार नाही, पद नाही, पण त्या दिवसापासून मला सकाळी उठावंसं वाटू लागलं. मला त्या बाई फार आवडायच्या, हे इथेच सांगून टाकते.

आमचं काम म्हणजे साबणाचे फुगे. लहान मुलं उडवतात तेच. वारा डोळ्यांना दिसत नाही, फुगा दिसतो. मावशी इमारतीच्या कोपऱ्यावर उभ्या राहून फुगे सोडायच्या आणि ते कुठे वळतात, कुठे भोवऱ्यात सापडतात, कुठे निवांत तरंगतात ते मी नकाशावर काढायची. फुगे जिथे रेंगाळतात तिथे माणूस रेंगाळतो, हा त्यांचा सिद्धांत. हळदी कोटातली साठीची बाई भर थंडीत फुगे सोडतेय म्हटल्यावर एकदा कोणीतरी पोलिसांना फोन केला. तरुण पोलीस आला, सगळं ठीक आहे ना म्हणून अदबीने विचारू लागला. मावशींनी त्यालाच विचारलं, आत्ता कसं वाटतंय. त्याने प्रामाणिकपणे उणे दोन सांगितलं. मग त्याला फुगे रेंगाळत होते त्या जागी उभं केलं. तो उणे एकवर आला, हसला, आणि जाताना त्याने स्वतः एक फुगा सोडला.

आता त्या कोपऱ्याची गोष्ट.

ट्रॉयला लागून एक छोटं गाव आहे. तिथल्या लायब्ररीच्या दक्षिणेला इमारत काटकोनात वळते आणि विटांच्या दोन भिंतींमध्ये एक मोकळा कोपरा तयार होतो. गावाने बाक मात्र ठेवले होते उत्तरेला, सावलीत, वारा वळसा घालून येतो नेमक्या त्या तोंडावर. साहजिकच हिवाळ्यात तिथे चिटपाखरू बसत नसे. तेव्हा गावच्या कमिटीने ठरवलं की बाक काढून टाकायचे आणि दक्षिणेचा तो कोपरा पार्किंगला जोडायचा. मावशींना हे कळलं आणि त्यांचं जेवणावरून मन उडालं. त्या वर्षानुवर्षं असा कोपरा शोधत होत्या. आपण जे शिकवतो ते एका तरी गावात, एका तरी जागी खरं होऊन बघायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि निवृत्ती दीड वर्षावर आली होती.

त्या कमिटीपुढे गेल्या, मला बरोबर घेऊन. अध्यक्ष मोटारकंपनीतून निवृत्त झालेले एक धिप्पाड गृहस्थ होते. जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट, समोर बर्फ घातलेलं पाणी. मावशींनी आधी सगळ्या कमिटीची मतं घेतली, ती अर्थातच अधिक एकच्या आसपास आली, मग आपलं उणे एक जोडलं आणि बोलायला लागल्या. बाक चुकीच्या ठिकाणी आहेत, थंडीचा दोष नाही, वगैरे. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. माणूस सरळ होता. ते म्हणाले, एक शनिवार तुमचा. हवी ती तात्पुरती मांडामांड करा. माणसं आपणहून येऊन बसली आणि त्यातल्या एकाने जरी जानेवारीत उघड्यावर कोट काढला, तर माझं मत तुम्हाला. नाही तर पार्किंग.

बाहेर आल्यावर मी नाचायचीच बाकी होते. कारण तो शनिवार संक्रांतीनंतरचा होता आणि मंडळाने हळदीकुंकवासाठी त्याच लायब्ररीची खोली घेतली होती. पन्नास बायका आयत्या भिंतीपलीकडे. नुसता निरोप धाडायचा अवकाश. मावशी एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "एकीलाही सांगायचं नाही. आपली माणसं आणून बसवली तर तो कोपरा काय सांगेल? तो सांगेल की मराठी बायका भिडस्त असतात."

मी खूप वाद घातला. काही उपयोग झाला नाही. मला चक्क शपथ घालून त्या गाडीत बसल्या.

शनिवारी आम्ही सकाळीच पोचलो. आकाश निळंशार, ऊन लखलखीत, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. शेतावरून आणलेले वाळल्या गवताचे चौकोनी गठ्ठे आम्ही पश्चिमेच्या उघड्या बाजूला एकावर एक रचले. भिंतीच्या कडेने बसण्यासाठी एकेक गठ्ठा मांडून त्यांच्यावर काळ्या रंगवलेल्या फळ्या टाकल्या. जमिनीच्या विटा झाडून कोरड्या केल्या. फुगे सोडून बघितले, ते त्या कोपऱ्यात नुसते तरंगत राहिले. मग मावशी स्वतः उत्तरेच्या बाकावर जाऊन बसल्या, कारण तुलनेसाठी तिथेही कोणीतरी हवं. मला म्हणाल्या, तू उन्हात थांब, तरुण हाडं जपायची असतात.

अध्यक्ष आले, गाडी लावून गाडीतच कॉफी पीत बसले. कोणी येईना. एक बाई कुत्रा घेऊन आली, कुत्रा थांबला, बाई थांबली नाही. दोन मुलं गठ्ठ्यांवर चढली, त्यांना आईने ओढून नेलं. भिंतीपलीकडून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मला रडूच यायला लागलं. एकदा उठून मी दारापर्यंत गेलेही, पण शपथ आठवून परत फिरले.

आणि मग आतला आवाज बदलला. झालं होतं असं की हळदीकुंकवाबरोबर एका पहिल्या-वहिल्या बाळाचं बोरन्हाणही ठेवलं होतं. सगळी तयारी साग्रसंगीत. हलव्याचे दागिने पुण्याहून आलेले, चुरमुऱ्यांचे डबे भरलेले, बोरांच्या जागी सुकवलेल्या क्रॅनबेरी. फक्त एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, की खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. बाळाच्या डोक्यावर पहिला डबा उलटा व्हायच्या आत लायब्ररीच्या बाई आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, कार्पेटवर खाण्याचं काही टाकता येणार नाही. बाळाची आई रडकुंडीला आली. संक्रांत वर्षाने पुन्हा येईल, पण बाळाची पहिली संक्रांत थोडीच येणार? नवऱ्यांपैकी कोणी म्हणालं, कॅन्सल करू यार, घरी जाऊन करू. हे सगळं मला नंतर कळलं.

तोडगा काढला तो बाळाच्या आजीने. त्या ऑक्टोबरात पुण्याहून आल्या होत्या आणि तेव्हापासून अपार्टमेंटच्या खिडकीत बसून होत्या. त्यांनी लायब्ररीच्या खोलीची काच पुसून बाहेर बघितलं.

"अगं, तो कोपरा बघ ना. कोरडा आहे, झाडलेला आहे, ऊन पडलंय. दोन मिनिटांत उरकू. चला."

दार उघडलं आणि सगळा लवाजमा बाहेर आला. जाडजूड कोटांमध्ये गुंडाळलेल्या बायका, डबे, कॅमेरे, रेटारेटी करणारी मुलं, आणि मधोमध बाळ. त्याच्या स्नोसूटवर काळं झबलं चढवलेलं आणि लोकरी टोपीवर हलव्याचा मुकुट. मी गठ्ठ्याला खिळले. बाळाला फळीवर बसवलं, आजी शेजारी टेकल्या, चुरमुऱ्यांचा पहिला डबा उलटा झाला आणि मुलांची लुटालूट सुरू झाली. बाळ खदखदून हसलं.

दोन मिनिटं झाली, पाच झाली. कोणी आत जायचं नाव घेईना. आजी डोळे मिटून भिंतीला टेकल्या होत्या. "कोवळं ऊन आहे गं इथे," त्या मुलीला म्हणाल्या, "आपल्या अंगणातल्यासारखं." मुलीने आईकडे असं बघितलं की मला मान फिरवावी लागली.

मग कोणीतरी म्हणालं, फोटो काढू, पण साड्या दिसत नाहीत. आतल्या पिवळ्या दिव्यांत काळ्या साडीचा फोटो कधी धड येत नाही, आणि इथे तर ऊन होतं. एकीने धीर करून कोट काढला. साडीच्या आत थर्मल, स्वेटर, सगळं होतंच. अंगावर काळं, त्यावर ऊन, पाठीशी तापलेली वीट, वारा गठ्ठ्यांपलीकडे. "अगं, काहीच नाही वाटत," ती म्हणाली. मग दुसरीने काढला, तिसरीने काढला, आणि बघता बघता गवताच्या गठ्ठ्यांवर कोटांचा ढीग झाला. लायब्ररीत आलेली अमेरिकन माणसं बघायला थांबली, तिळगूळ घेऊन तिथेच बसली. तो सकाळचा कुत्रासुद्धा परत आला, चुरमुऱ्यांसाठी.

मी धावत उत्तरेला गेले. मावशी वाऱ्यात तशाच बसल्या होत्या, नाक लाल, बोटं थिजलेली. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं, उठल्या, आणि सरळ अध्यक्षांच्या गाडीपाशी गेल्या. मला वाटलं आनंदाची बातमी द्यायला. कसलं काय. त्या म्हणाल्या, ही माझ्याच भाषेची माणसं आहेत, यांना धरू नका, हा प्रयोग बाद. मला त्यांचा असा राग आला म्हणता. हातातोंडाशी आलेला घास ही बाई स्वतःच बाजूला सारत होती.

अध्यक्ष गाडीतून उतरले. तुम्ही बोलावलंत का यांना, त्यांनी विचारलं. नाही, उलट सांगू दिलं नाही, मी मध्येच बोलून टाकलं. ते कोपऱ्याकडे चालू लागले. कोटांच्या ढिगाजवळ थांबले. वरचा एक कोट उचलून पाहिला, खाली ठेवला. इतक्यात एक पाच-सहा वर्षांची परकरी मुलगी त्यांच्यापुढे आली, त्यांच्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला आणि मान वर करून म्हणाली, "यू हॅव टु टॉक नाइस नाऊ."

अध्यक्षांनी लाडू खाल्ला. सावकाश, शेवटपर्यंत. मग मावशींकडे वळून म्हणाले की मी एक कोट मागितला होता, इथे मोजदाद सोडावी इतके आहेत, पार्किंगचं आम्ही दुसरीकडे बघू. आणि त्या छोट्या मुलीला विचारलं, हे पुरेसं गोड झालं का.

मावशी नुसत्या उभ्या राहिल्या. मी त्यांचं कोपर धरलं, त्यांनी ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये माझं धरलं होतं तसं, आणि त्यांना ओढत कोपऱ्यात नेलं. आजींनी सरकून जागा दिली. मावशी फळीवर बसल्या, पाठ भिंतीला टेकवली. इतकी वर्षं ही बाई उन्हाच्या जागा शोधत हिंडली, पण त्यातल्या एकाही जागी बसलेली मी पाहिली नव्हती. बायका त्यांच्याकडे बघत होत्या. एकीने पुढे होऊन त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांनी डोळे मिटले.

मी त्यांच्याच खिशातली चिठ्ठी आणि पेन्सिल काढली. "मावशी, आत्ता कसं वाटतंय? उणे तीन ते अधिक तीनमध्ये सांगा."

डोळे न उघडताच त्यांचा हात गळ्याशी गेला आणि वरचं बटण सुटलं. मग दुसरं. मग तिसरं. कोट उघडला, आणि आत काळीभोर चंद्रकळा होती, सगळी चापूनचोपून नेसलेली, पदराला पिन लावलेली. कोणी बोलावलं नव्हतं तरी बाई संक्रांतीची साडी नेसून आल्या होत्या. मी पेन्सिल हातात धरून नुसती बघतच राहिले.

"बघतेस काय पोरी?" मावशी म्हणाल्या. "लिही, अधिक एक. आणि हा कोट धर, उकडून राहिलं मला."